पन्नाशीच्या आत निवृत्ती आणि परदेशी मुक्काम: दोघांचं नियोजन (सातारा-सांगलीकरांसाठी)

कंदीपेढा:
परदेशात राहायला जायचं म्हटलं की चर्चा हमखास मुलांकडे जाण्याची निघते. हा धागा त्यासाठी नाही. नवरा-बायको, वय ४७ आणि ४४, नोकरी सोडायची आणि बाहेरच्या एखाद्या देशात स्वतःच्या पैशावर राहायचं, एवढाच विषय. बेरीज-वजाबाकी सोपी जावी म्हणून जोडप्याची परिस्थिती अशी धरू: सरकारी पेन्शन नाही. पीएफ, पीपीएफ आणि म्युच्युअल फंड आहेत. साताऱ्यात एक फ्लॅट, कोरेगाव तालुक्यात नवऱ्याच्या नावावर वडिलोपार्जित बागायत, आणि पतसंस्थेत ठेवी.

तीन प्रश्न. कुठला देश घेईल? किती पैसे लागतील? निघण्याआधी इथलं काय आवरायचं? "आमच्या साडूचा मुलगा तिकडेच असतो" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. नियम आणि आकडे लिहा.

मिरजजंक्शन:
पहिला अडथळा वयाचाच. थायलंडचा निवृत्ती व्हिसा अर्जदार ५० चा झाल्याशिवाय मिळत नाही. पण ही अट मुख्य अर्जदाराला आहे, जोडीदाराला नाही. म्हणजे तीन वर्षं थांबलात तर नवरा ५० चा होतो आणि ४७ ची बायको त्याच्यावर अवलंबून म्हणून सोबत राहू शकते.

पैशाची अट: अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर थाई बँकेत ८ लाख बाट, किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न. संयुक्त खातं काढू नका, त्यातली निम्मीच रक्कम धरतात. हे ८ लाख अर्जाआधी दोन महिने आणि मुक्कामाची मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने तसेच राहिले पाहिजेत. त्यानंतरही ४ लाखांच्या खाली जायचं नाही. बाट पावणेतीन रुपयांच्या जवळ धरला तर ही रक्कम साधारण २१-२२ लाख होते. ती खर्चाची नाही, अडकवून ठेवायची आहे हे ध्यानात ठेवा.

लोक चुकतात ते पुढच्या बारीक गोष्टींत. दर ९० दिवसांनी पत्त्याची हजेरी द्यावी लागते. देशाबाहेर पडण्याआधी री-एंट्री परमिट घ्यावं लागतं, एकदाचं १,००० बाट आणि अनेक वेळचं ३,८००. ते न काढता दिवाळीला साताऱ्याला आलात की मुदतवाढ रद्द, सगळं पहिल्यापासून. शिवाय या व्हिसावर काम करता येत नाही.

मलेशियात वयाची अट २५, म्हणजे आजच जाता येईल. पण २०२४ पासूनच्या नियमांत, विशेष आर्थिक क्षेत्राचा वेगळा प्रकार सोडला तर, सगळ्यात खालची पायरी म्हणजे १,५०,००० डॉलरची ठेव, आणि वर किमान ६ लाख रिंगिटचं घर घ्यायची सक्ती. डॉलर ९० रुपये धरा. ठेवीलाच १ कोटी ३५ लाख गेले, घराचे वेगळे. ज्यांचा सगळा पैसा फ्लॅट आणि बागायतीत आहे त्यांनी हा रस्ता सोडून दिलेला बरा.

चारभिंती:
युरोपात वयाची अट नसलेला आणि त्यातल्या त्यात परवडणारा म्हणजे पोर्तुगालचा डी-७ व्हिसा. अट एकच, काम न करता मिळणारं नियमित उत्पन्न: भाडं, पेन्शन, व्याज, लाभांश. मोजमाप तिथल्या किमान वेतनाचं. २०२६ साठी ते महिना ९२० युरो आहे, जोडीदारासाठी त्याच्या निम्मे. दोघांचे १,३८० युरो, वर्षाचे १६,५६०. युरो १०५ रुपये धरला तर १७ लाख ३९ हजारांच्या आसपास. शेजारच्या स्पेनमध्ये दोघांना वर्षाला ३६,००० युरो दाखवावे लागतात, आणि ग्रीसमध्ये महिना ४,२००. यावरून अंदाज घ्या.

क्रम असा: आधी तिथला करक्रमांक (एनआयएफ), तो प्रतिनिधीमार्फत इथे बसून काढता येतो. मग तिथलं बँक खातं आणि त्यात साधारण वर्षभराची रक्कम. मग घराचा करार. मग इथून व्हिसा. व्हिसा मिळतो चार महिन्यांचा, त्यात दोनदा प्रवेश. राहण्याचा परवाना तिथे गेल्यावर. पहिला दोन वर्षांचा, नंतर तीन वर्षांचा.

अर्ज पडतात ते बहुतेक दोन कारणांनी. एक, नुसती शिल्लक दाखवतात आणि नियमित उत्पन्न दिसत नाही. कोटभर रुपये म्युच्युअल फंडात असले तरी "महिन्याला किती येतात?" याचं उत्तर कागदावर हवं. त्यासाठी फ्लॅट नोंदणीकृत करारानं भाड्यानं द्या आणि भाडं बँकेतूनच घ्या, रोखीनं नको. ठेवींचं व्याज दर महिन्याला खात्यात येईल असं लावून घ्या. हे अर्जाच्या किमान सहा-आठ महिने आधी सुरू झालेलं असावं. दुसरं कारण घराचा करार. बारा महिन्यांचा मागतात, व्हिसा मिळायच्या आधी. व्हिसा नाकारला तर करार रद्द आणि अनामत परत, असं कलम करारात लिहून घेतलं नाही तर ते पैसे गेले समजा.

परवाना देणारी संस्था, २०२३ मध्ये जुनीच्या जागी आलेली आयमा, साचलेल्या कामासाठी कुप्रसिद्ध आहे. चार महिन्यांचा व्हिसा संपला आणि परवान्यासाठी भेटीची तारीख पुढची मिळाली, तर त्या काळात भारतात येणं-जाणं जोखमीचं. पहिल्या वर्षी इकडच्या लग्नकार्याची तिकिटं काढू नका.

कंदीपेढा:
उत्तम. आता पैसे पाठवण्याचं सांगा. एलआरएस (निवासींना बाहेर पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) म्हणजे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर एवढं माहीत आहे. टीसीएसचं, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते त्या रकमेचं, नीट कळत नाही. आणि १८२ दिवस बाहेर राहिलं की एनआरआय, बरोबर?

हरिपूरचं_पेव:
१८२ वाली समजूत इथेच खोडतो, कारण हिच्यापायी एक अख्खं वर्ष हातचं जातं.

निघण्याच्या वर्षात १८२ दिवसांची सवलत *नोकरीसाठी* बाहेर जाणाऱ्या भारतीयाला आहे. निवृत्त होऊन जाणारा नोकरीसाठी जात नाही. त्याला मूळ नियम लागतो: त्या आर्थिक वर्षात भारतात ६० दिवस किंवा जास्त आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस असतील तर तो त्या वर्षी निवासीच. आपल्यासारख्यांचे ३६५ भरलेलेच असतात. म्हणजे जुलैत निघालात तर त्या वर्षीचा कर निवासी म्हणून, जगभरच्या उत्पन्नावर. एप्रिलचे ३० आणि मेचे २९ मिळून ५९ होतात. विमान त्याच्या आत सुटलं पाहिजे, आणि त्या वर्षात पुन्हा इकडे फिरकायचं नाही. नाहीतर सरळ मार्चअखेर निघा. (कलमांचे नंबर मुद्दाम लिहीत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात ते बदललेत. जुन्या लेखांतले नंबर घेऊन सीएकडे जाऊ नका.)

पुढच्या वर्षांत भेटीला आलात तर १८२ दिवसांच्या आत राहिलेलं चालतं. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मर्यादा १२० दिवसांवर येते.

फेमाचं (परकीय चलनाच्या कायद्याचं) वेगळं. तिथे दिवस नाही, हेतू बघतात. अनिश्चित काळासाठी राहायला म्हणून बाहेर पडलात की त्या दिवसापासून तुम्ही अनिवासी. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासीचं इथलं रुपयातलं खातं) करून घ्यावंच लागतं. तसंच चालू ठेवणं हा नियमभंग आहे. म्हणजे एकाच वर्षी आयकराला निवासी आणि फेमाला अनिवासी, असं होऊ शकतं. गोंधळू नका, दोन कायदे वेगळे आहेत.

आता टीसीएस. एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपर्यंत काही नाही. त्यावरच्या रकमेवर, शिक्षण-उपचार सोडून, २० टक्के. हा कर नव्हे, पुढे विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. थायलंडच्या २१ लाख ६० हजारांचं उदाहरण घ्या. नवऱ्यानं एकदम पाठवले तर ११.६ लाखांवर २० टक्के, म्हणजे २ लाख ३२ हजार अडकले. तेच १० लाख मार्चअखेर आणि ११.६ लाख एप्रिलमध्ये पाठवले तर फक्त १.६ लाखांवर, म्हणजे ३२ हजार.

"मग निम्मे बायकोच्या खात्यातून नवऱ्याच्या परदेशी खात्यात टाकू" हे चालत नाही. एका निवासीनं दुसऱ्या निवासीच्या परदेशातल्या खात्यात एलआरएसखाली भेट टाकायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. बायकोनं स्वतःच्याच खात्यात पाठवायचे. नवऱ्यानं तिला दिलेल्या पैशावर पुढे व्याज मिळालं तर ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं: टीसीएस एलआरएसवर आहे. अनिवासी झाल्यावर एलआरएस तुम्हाला लागूच नाही. तेव्हा एनआरओ खात्यातून सीएचं प्रमाणपत्र आणि ऑनलाइन घोषणा देऊन वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, टीसीएस शून्य. म्हणून आधी व्हिसापुरतेच पाठवा. बाकीचे तिकडे स्थिरावल्यावर.

मिरजजंक्शन:
याला जोडून थायलंडचं एक. वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले करनिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेलं बाहेरचं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं की करपात्र. त्याआधीची बचत नाही. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारे सगळ्या खात्यांचे आणि फंडांचे उतारे आत्ताच काढून ठेवा. बँका जुने उतारे द्यायला रखडवतात.

यवतेश्वर:
देश, व्हिसा सगळं ठीक. पण आपल्याकडच्यांचं घोडं पेंड खातं ते जमिनीत. सविस्तर लिहितो.

वडिलोपार्जित किंवा निवासी असताना घेतलेली शेती अनिवासी झाल्यावरही ठेवता येते. नवी घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच, आणि आपल्या राज्यात तो शेतकरीही असावा लागतो. आता नीट वाचा: सगळी विकून गेलात तर सातबारा संपला, आणि त्याबरोबर शेतकरी असल्याचा पुरावाही. दहा वर्षांनी परत येऊन थोडी जमीन घ्यावीशी वाटली तर तलाठ्याकडे काय दाखवणार? विकायचीच असेल तर एखादा तुकडा नावावर राहू द्या, आणि बायकोच्या नावावर काहीच नसेल तर तिचं नाव लावायचं कामही आधीच करा.

कर: ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण म्हणजे पालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत मोजलेलं अंतर. लोकसंख्या लाखाच्या आत असेल तर २ किलोमीटर, लाख ते दहा लाख असेल तर ६. सातारा शहर आणि सांगली-मिरज-कुपवाड दोन्ही लाखाच्या वर, म्हणजे ६ किलोमीटरच्या आतली शेती करपात्र. कराड लाखाच्या आत, तिथे २. साताऱ्याची हद्दवाढ झालेली आहे, त्यामुळे जुन्या नकाशावर मोजू नका. अंतराचा दाखला विक्रीआधी घ्या, नोटीस आल्यावर नाही.

ठेवायची असेल तर कसणार कोण? भावकीतल्या कुणाला तोंडी "तू बघ रे" म्हणून दिली आणि पीकपाहणीत वर्षानुवर्षं त्याचंच नाव लागत गेलं, की पुढे कुळाचा दावा उभा राहू शकतो. ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते पण शेतात उभं राहूनच. तुम्ही लिस्बनमध्ये. म्हणून लेखी करार करा, मुदत घाला आणि दर हंगामात सातबारा ऑनलाइन काढून बारावा नमुना (त्यातला पिकांच्या नोंदीचा भाग) वाचा. नुसता काढू नका, वाचा. आणि पीएम-किसान घेत असाल तर बंद करा, अनिवासी त्याला अपात्र आहेत.

फ्लॅट: विकायचा असेल तर निवासी असतानाच विका. ४५ लाखांचा फ्लॅट निवासीनं विकला तर ग्राहकाला टीडीएस कापायचं कारण नाही, ती अट ५० लाखांपासून. तोच अनिवासीनं विकला तर १२.५ टक्के अधिक उपकर, म्हणजे १३ टक्के. कायद्यानं तो नफ्यावर कापायचा, पण ग्राहक घाबरून पूर्ण रकमेवर कापतो: ५ लाख ८५ हजार. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, पण त्याला वेळ लागतो आणि आपल्याकडचा ग्राहक तेवढा थांबत नाही. भाड्यानं दिलात तरी भाडेकरूनं ३० टक्के आणि उपकर कापून भरायला हवा. हे ऐकून अर्धे भाडेकरू पळतात, करारातच लिहा.

पतसंस्थेच्या ठेवी: निघण्याआधी मोडा, दुसरा पर्याय नाही. पतसंस्था एनआरओ खातं ठेवू शकत नाही, आणि ठेव विम्याचं ५ लाखांचं संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी साता समुद्रापलीकडून चेअरमनला फोन करत बसायची वेळ आणू नका. परदेशी चलनाचा परवाना असलेली बँक निवडा. सगळ्या सहकारी बँकांकडे तो नसतो.

माहुली_संगम:
कागदांवर कुणी लिहिलं नाही म्हणून. जोडप्याच्या अर्जात सगळं लग्नाच्या दाखल्यावर लटकतं, आणि नेमकं त्यातच नाव जुळत नाही. शाळेच्या दाखल्यावर बायकोचं माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, आधारवर मधलं नावच नाही, पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात मधलं नाव. तिकडच्या कारकुनाला मधलं नाव वडिलांचं होतं आणि आता नवऱ्याचं आहे हे समजावता येत नाही. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका आहेत.

पासपोर्टवर जे नाव ठेवायचं तेच अंतिम माना आणि बाकी सगळं त्याच्यामागे आणा. नाव बदलायचं तर शासन राजपत्रात जाहिरात, मग पॅन आणि आधार, मग बँक, मग फंडांचं केवायसी. उलट क्रमानं गेलात तर प्रत्येक ठिकाणी दोनदा जावं लागतं.

लग्नाची नोंद झालीच नसेल तर आता करून घ्या. गावी ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या विवाह निबंधकाकडे. अर्ज नमुना 'ड', तीन साक्षीदार, दाखला नमुना 'इ'. पत्रिका आणि फोटो शोधून ठेवा. दाखल्यावरची जन्मतारीख आणि स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासा. नंतरची दुरुस्ती नव्या नोंदणीपेक्षा अवघड जाते.

मग अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का. भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. आधी राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. दाखला लॅमिनेट केलेला असेल तर शिक्का बसत नाही, नवी प्रत काढा. आणि पोलीस पडताळणीचा दाखला सगळ्यात शेवटी. तो पोर्तुगालसारख्या ठिकाणी तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. लोक तोच उत्साहात पहिल्यांदा काढतात.

कंदीपेढा:
जोडीदारापैकी एकाला काही झालं तर? हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून विचारतो.

हरिपूरचं_पेव:
विचारायलाच हवा. थायलंडमध्ये जोडीदाराचा मुक्काम मुख्य अर्जदारावर टांगलेला असतो. तो गेला की आधार संपतो. मागे राहणारी ५० ची झालेली असेल आणि तिच्या स्वतःच्या नावावर ८ लाख बाट असतील तरच ती स्वतःच्या हक्कानं राहू शकते. म्हणून बायको ५० ची झाली की तिचा अर्ज वेगळा काढा, दुहेरी पैसे अडकले तरी चालतील. शिवाय गेलेल्या माणसाचं थाई खातं वारसाहक्काची कोर्टातली कारवाई होईपर्यंत उघडत नाही. तिच्या एकटीच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च असलाच पाहिजे.

मृत्युपत्र दोन करा. भारतातल्या मालमत्तेचं इथे, दोन साक्षीदारांसह. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. तिकडचं तिकडे. एकात दुसऱ्याला रद्द करणारं वाक्य येणार नाही हे वकिलाकडून तपासा. "याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे छापील वाक्य घात करतं. पोर्तुगालमध्ये मुलांचा आणि जोडीदाराचा हिस्सा कायद्यानं ठरलेला आहे, पण युरोपीय नियमानुसार आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागू व्हावा असं मृत्युपत्रात लिहिता येतं.

मुखत्यारपत्र इथे असतानाच नोंदवून ठेवा, विशिष्ट कामांपुरतं. तिकडून करायचं तर दूतावासात साक्षांकन, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक. आणि ते देणाऱ्याबरोबर संपतं. मृत्यूनंतर त्यावर सही करून जमीन विकणारे पुढे कोर्टात भेटतात.

चारभिंती:
रकमेचं. वर्षाला ४ टक्के काढा म्हणणारा नियम अमेरिकेच्या आकड्यांवर आणि ३० वर्षांसाठी बेतलेला आहे. ४४ च्या बायकोला ४५ वर्षं पुरायला हवेत. ३ टक्के धरा, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या ३३ पट. पोर्तुगालात दोघांचा खर्च वर्षाला २४,००० युरो मानला तर २५ लाख २० हजार, त्याची ३३ पट ८ कोटी ३० लाखांच्या आसपास. व्हिसाचे १६,५६० युरो ही दाराची फी, जगायचा खर्च नव्हे.

आणि रुपया. २०१० मध्ये डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, २०२५ संपताना नव्वदीला. पंधरा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के. इथल्या ठेवीवर सात टक्के मिळाले, कर गेला, रुपया घसरला, हातात काय राहिलं ते तुम्हीच मोजा. पैसा रुपयात आणि खर्च युरोत असेल तर निदान दोन वर्षांचा खर्च तिकडच्या चलनात आधी नेऊन ठेवा.

पीपीएफ चालू असेल तर मुदतीपर्यंत चालतं, पाच-पाच वर्षांची वाढ अनिवासीला नाही. एसआयपी जुन्या बचत खात्याला जोडलेली असेल तर खातं एनआरओ झाल्या महिन्यात हप्ता परत जातो. केवायसी आणि बँकेचा आदेश एकाच आठवड्यात बदला.

मिरजजंक्शन:
इथला मेडिक्लेम बंद करू नका. तिकडे त्याचा उपयोग नाही हे खरं, पण परत यावं लागलं तर साठीत नवी पॉलिसी घेताना आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. हप्ता एनआरओ खात्यातून आपोआप जाईल असं करा. पोर्तुगालात परवाना मिळाला की सरकारी आरोग्यसेवेत नोंद होते, तोवर खासगी विमा.

कंदीपेढा:
मोबाइल नंबरचं काय करायचं? सगळे ओटीपी त्यावरच.

माहुली_संगम:
९० दिवस काही वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो, त्यामुळे रिचार्ज तारखेला. रोमिंग इथे असतानाच चालू करा, आणि दोघांचे नंबर दोन वेगळ्या कंपन्यांचे ठेवा. बँकेत नवऱ्याच्या खात्याला नवऱ्याचा, बायकोच्या खात्याला बायकोचा. आपल्याकडे बहुतेक घरांत दोन्ही खात्यांना नवऱ्याचाच नंबर लावलेला असतो, तो आधी बदला.

कंदीपेढा:
बदलतो. सोमवारी बँक, मंगळवारी तलाठी.

यवतेश्वर:
तलाठी मंगळवारी सजावर असतात का ते फोन करून विचारा आधी.